कमरेचे पाच मणके

बिशोफ्तूच्या पशुवैद्यक कॉलेजात
हाडांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
एकोणतीस वर्षं झाली.
मी तोलोसा. पदवी नाही, पगार आहे,
आणि हातांना फॉर्मलिनचा वास;
बायको म्हणते, इंजेराच्या पिठातही उतरतो.

पहिल्या वर्षाची पोरं येतात,
पांढऱ्या कोटांच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात.
नाक दाबतात, हसतात, मग एकजण बाहेर पळतो.
दरसाल. त्याचं नाव मी ध्यानात ठेवतो.
पुढे बहुतेक तोच बरा डॉक्टर निघतो.

आधी नावं शिकतात.
हाडाच्या खाचेला नाव, भोकाला नाव,
जिथे काहीच नाही त्या पोकळीलाही नाव.
घोड्याचे कमरेचे मणके सहा, गाढवाचे पाच.
माणसाचेही पाचच,
हे मी एकदा विचारून घेतलं.
गायीचं तिसरं पोट उघडलं की पानंच पानं.
हब्तामू म्हणाला, "वाचून झालं की शेण."
सगळा वर्ग हसला, डॉक्टर आस्तेर सोडून.

मग जंत, मग जहरी झाडं, मग औषधांचे हिशेब:
किलोला किती, आणि तराजू नसेल तर
छातीला दोरी लावून किती.

तिसऱ्या वर्षी हात.
खांद्यापर्यंत मोजा चढवून गायीच्या आत शिरतात
आणि डोळे मिटतात. सगळेच.
मिटा म्हणून कुणी सांगत नाही.
आत, उबेत, बोटं चाचपडतात,
गाय आपली रवंथ करत उभी.
"सापडलं!" कुणीतरी ओरडतं,
आणि त्या मिटल्या डोळ्यांवर जे पसरतं
त्याचं नाव पुस्तकात नाही.

डॉक्टर आस्तेर सांगतात,
घोड्याच्या पोटात दुखलं की तो लोळतो.
गाढव नुसतं खायचं थांबतं.
आणि मालक तीन गोष्टी सांगेल;
खरी चौथी असेल.

अडलेल्यानंच गाढवाचे पाय धरावेत असं नाही,
इथे रोजच धरावे लागतात:
खूर उचला, खडा काढा, लाथ खा, पुन्हा उचला.
टांग्याची घोडी रस्त्यात बसली
तर सुई कुठे टोचायची, हेही शिकतात.
टोचल्यावर टांगेवाल्याकडे बघायचं की नाही,
हे ज्याचं त्यानं.

यंदा तोंडी परीक्षेला बोन्तू
गाढवाच्या सांगाड्यापाशी उभी राहिली.
डाव्या बाराव्या बरगडीवर बोट थांबलं.
"ही मोडून जुळलीय," ती म्हणाली.
"गाठ बघा, सरळ आहे.
कुणीतरी हिला बसू दिलंय. महिना, दोन महिने.
ओझं घातलं नाही."
परीक्षक म्हणाले, ते विचारलेलं नाही,
पुढचं हाड सांग.

मी दारात होतो, फडकं हातात.

दालाती तिचं नाव. राखाडी, डाव्या कानाला चीर.
त्या दोन महिन्यांत तळ्याकडून पाणी
बायकोनं आणलं, पाठीवर, पिवळ्या कॅनमधून.
दालातीची गाठ सरळ बसली.
बायको अजून चुलीपुढून उठताना
एक हात कमरेवर ठेवते, दुसरा भिंतीला.

दालाती म्हातारी होऊन गेली तेव्हा
हाडं मीच उकळली, पिंपात, कॉलेजच्या मागे.
तांब्याच्या तारेनं ओवली.
शेपटीचं एक हाड कुत्र्यानं पळवलं;
तिथे मी जैतुनाच्या लाकडाचं कोरून बसवलंय.
अकरा बॅचेस पास झाल्या,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोन्तू पुन्हा आली.
परीक्षा संपलेली, कोट नव्हता.
"जरा बघू?" म्हणाली,
आणि शेपटीकडून मोजायला बसली.
बंद करायची वेळ झाली होती.
मी किल्ली खिशात टाकली
आणि दिवा लावला.