डाव्या गालावरचं वळण

आण्णाप्पा मगदूमच्या डाव्या गालावर
हरभऱ्याएवढा मस होता,
त्यावर दोन केस, एक पांढरा.
छत्तीस वर्षं माझा वस्तरा तिथं पोचला की
गंगावेशीच्या कोपऱ्यावर धारेची म्हैस वळावी
तसा आपोआप वळायचा.

खुर्चीत बसलेला माणूस आरशात बघतो,
मी त्याच्या कातडीकडं.
मानेभोवती लोंबणारे बारके दाणे
कॉलर घासते तिथंच येतात;
फारच आले तर हळूच विचारतो,
"साखर तपासलीसा का कधी?"
म्हाताऱ्या कानशिलावरचे तपकिरी खवले,
मेण वितळवून कुणी बोटानं चिकटवल्यागत.
नखानं निघतील वाटतं. काढू नयेत.
आणि बाळू शेळकेच्या मानेमागची चरबीची गाठ,
दाबली की लोण्याच्या गोळ्यासारखी सरकायची.
तो तिला 'धाकटी' म्हणायचा.

चामखिळीला मात्र मी भ्यायचो.
पूर्वी एकच वस्तरा, एकच वाटी.
एकाच्या हनुवटीवरची दुसऱ्याच्या हनुवटीवर
मीच पेरली असणार, न कळत.
हे दुकानात कधी बोललो न्हाई.
आता दर गिऱ्हाइकाला नवं पातं.
जुनं मोडताना टक् वाजतं,
तेवढीच माफी.

लोक काय काय करून येत.
घोड्याच्या शेपटीचा केस आवळून,
चुन्यात धुण्याचा सोडा कालवून.
बिब्ब्यानं भाजून घेतलेलं एक पोरगं
आठ दिवस गालाला वारा लागू देईना.
चामखीळ गेली, डाग ऱ्हायला,
लग्नाच्या फोटोत डाग पयला दिसला.

गेल्या माघात
आण्णाप्पाच्या मसाच्या कडेला
काळपट रेघ दिसली मला.
छत्तीस वर्षांत नव्हती.
वस्तरा खाली ठेवला. म्हटलं,
"दाढी ऱ्हाऊदे अर्धी. उठा."
एक गाल गुळगुळीत, एक फेसाचा,
तसाच रिक्षात घालून राजारामपुरीत नेला.

बुगडे डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं,
कलतं, जवळून, परत कलतं.
"साधाच दिसतोय. पण बदललाय ना?
मग काढून तपासायला पाठवू."
एक टोचणी, तीन टाके.
त्यांचं पातं माझ्यापेक्षा बारीक,
हात माझ्याइतकाच सावकाश.
बारा दिवसांनी कागद आला: काही नाही.
आण्णाप्पानं त्याची घडी घालून
वीजबिलाच्या पिशवीत ठेवली
आणि रात्री घरी तांबडा रस्सा केला,
मला डबा धाडला.

आज परत खुर्चीत.
गाल सपाट, एक पांढुरकी रेघ.
फेस लावला, पातं चढवलं,
कानापासून खाली आलो
आणि तिथं हात वळला.
"सरळ घे की गा आता,"
आण्णाप्पा आरशातून म्हणाला.
व्हय म्हटलं. परत वरनं आलो.
परत वळलो.
हरभऱ्याएवढा फेस
तिथंच ऱ्हायला.