अर्धा तास

विटाव्याच्या शाळेत, सातवी ‘ब’च्या वर्गात
खाडीने घराबाहेर काढलेली एकशे चाळीस माणसं
आणि फळ्याखाली दोन निळी पिंपं.
टँकर रात्री पावणेदहाला आला.
क्लोरीनच्या गोळ्या मोजून टाकल्या, ढवळलं,
झाकणं लावली.
एका झाकणावर मी बसले, दुसऱ्यावर माझी पिशवी.
झाकण नुसतं लावून भागत नाही,
तहानेला बोटं असतात.

“अर्धा तास थांबा,” मी म्हटलं.
ओळखपत्रावर लिहिलंय : हर्षदा तांडेल, प्रयोगशाळा मदतनीस.
तहानेल्या माणसाकडे अर्धा तास मागायचा हक्क
त्यावर कुठे छापलेला नाही.

गोमीबाई भोईर म्हणाली,
“आमी जल्मभर बावचा पानी पेलो. कोन मेला?”
तिची बाव शाळेच्या मागेच,
कालच्या भरतीत
संडासाच्या टाकीशी एकजीव झालेली.
मी बोलले नाही. खिडकीतून तिलाही दिसत होती.

दिलावर रिक्षावाला मोबाइल धरून
मिनिटं मोठ्याने वाचत होता, मतमोजणीसारखी.
बावीस. तेवीस.
कोपऱ्यात एक बाळ रडत होतं,
कोरडं,
डोळ्यांत टिपूस नाही.

तिसाव्या मिनिटाला नळीत पाणी घेतलं,
औषधाचे थेंब टाकले, टॉर्चसमोर धरलं.
नितळ.
“बघा, काचेसारखं आहे!” कुणीतरी टाळी वाजवली.
त्यांना काय सांगू, की आज नितळ म्हणजे नापास.
सगळा क्लोरीन गाळानेच पिऊन टाकला होता.

एक शब्द पुरला असता. प्या.
कुणाला कळणार होतं?
दोन-तीन दिवसांनी,
कळव्याच्या दवाखान्यात सलाइन लावणाऱ्या नर्सला, कदाचित.

पुन्हा गोळ्या. पुन्हा काठी.
“अजून अर्धा तास.”
एक चप्पल फळ्यावर आपटून माझ्या पायाशी पडली.
ओली होती.

मग गोमीबाई उठली.
वाटलं, आता ही झाकण ओढणार.
तिने माझी पिशवी उचलून खाली ठेवली
आणि दुसऱ्या पिंपावर स्वतः बसली, लुगडं सावरून,
बाजारात पाटीमागे बसावं तशी.
बराच वेळ गप्प होती.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
“मेला व्हता एक. माजा धाकला.
दोन दिस हगवन, तिसऱ्या दिसाला गप.”

दिलावरने मिनिटं वाचणं थांबवलं.

अकरा वाजून गेले होते. नळी धरली.
पिवळं.
फिकं, पण पिवळंच.
“हलद लागली गो पान्याला,” गोमीबाई म्हणाली
आणि लांब दांड्याचं ओगराळं स्वतःच हातात घेतलं.
पहिला पेला बाळाच्या आईला.
“हात नको बुरवू, मेल्या!” ती ओरडत होती,
माझ्याहून मोठ्याने.

रांगेतल्या एका पोराला मात्र
माझ्या हातातलं ते नळीतलंच हवं होतं.
“मला ते पिवळं सरबत दे.”
“ते प्यायचं नसतं रे.”
“मग ते कशाला?”

मी नळी खिडकीबाहेर ओतली,
खाडीच्या पाण्यात,
आणि त्याचा पेला भरला.