सव्वाशे सेकंद

चार मिनिटं वीस सेकंद.
दर वेळी तेवढीच.
मग तिन्ही सर्व्हर एकमेकांना मेलेलं समजतात
आणि तिघंही म्हणतात, मालक मी.

शिरोली एमआयडीसी, पहाटेचे पावणेचार.
पलीकडं भट्टी ओततायत, काच तांबडी.
बाबासो चौगले म्हणाला, केबल बदलू.
बदलली.
म्हणाला, स्विचला नजर लागलीया.
त्याच्या डब्यातल्या खर्ड्याचा वास
रॅकच्या गरम वाऱ्यात अजून फिरतोय.

मी वीस नंबरचं व्हीलॅन उघडून बसले.
ठोके एकाच गटाच्या पत्त्यावर निघतात,
ज्याला हवेत त्यानं घ्यावेत.
स्विच हुशार.
ज्यानं हात वर केला त्याच्याच दारात टाकतो,
बाकीच्या पोर्टांची झोप मोडत नाही.
पण वर केलेला हात
तो चार मिनिटांत विसरतो.
कुणीतरी परत विचारायचं असतं.
इथं विचारणारंच कुणी नव्हतं.

"एवढंच व्हय?"
एवढंच.

क्वेरिअर चालू केला, त्याला एक पत्ता दिला.
आता दर सव्वाशे सेकंदांनी तो विचारणार,
ऐकतंय का कोण?

पाचवं मिनिट गेलं. सहावं. अकरावं.
वहीत तारीख घातली.

बाबासो बाहेर पायरीवर,
मोबाइलचा स्पीकर चालू.
गारगोटीला थोरला भाऊ,
विहिरीच्या मोटरीवरनं दोन वर्षं अबोला.
"काय न्हाई. उठलास का, म्हटलं."

पलीकडं बराच वेळ
नुसती बादलीत धार वाजत राहिली.