सांधा

स्टेशनाबाहेर विचारलं तर
शिल्पाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.
"दाढ म्हणायचंय का तुम्हाला?"
बेकरीतली मुलगी पिठाचे हात पुसत म्हणाली,
"बसथांब्यामागून वर जा. चुकणार नाही,
चुकावंसं वाटलं तरी."

खरंच दाढ.
दोन मजली उंच, तांबूस गंजलेली,
मुळं आभाळाकडे, डोकं उताराच्या गवतात.
एका बेचक्यात कबुतराच्या काड्या
अन् कुणाचा तरी ओला, एकटा हातमोजा.
चौथऱ्यावरची पितळी पाटी चोरीला गेली म्हणे, दोनदा.
आता चार भोकं, भोकांत पाणी.

लांबून पाहिली. जवळून पाहिली.
कॅटलॉगात असतात ते शब्द लावून पाहिले:
अवकाश, वस्तुमान, पोकळी.
एकही चिकटला नाही.

बाकावर एक म्हातारा
कागदातून सॅण्डविच सोडवत होता.
क्लिफर्ड ऑल्डरशॉ, वय एक्याऐंशी,
हे त्यानंच सांगितलं, न विचारता;
फारसं कुणी विचारत नसावं.
"चित्र काढलं लंडनच्या बाईनं.
वाकवलं आम्ही, बॉयलरच्या कारखान्यात.
त्यानंतर तिथं नुसतं भंगार कापलं."

उठला. गुडघ्याला दोन शिव्या हासडल्या.
मला मागच्या बाजूला नेलं,
जिथं फोटो कुणी काढत नाही
आणि कुत्री पाय वर करतात.
खांद्याच्या उंचीवर वेल्डिंगची रेघ:
खालून सरळ, सरळ, शिंप्यानं मान खाली घालावी अशी,
आणि मग एकाच जागी
गांडुळासारखी वळवळलेली.

"इथं मला शिंक आली होती."

आमच्याकडे काही बिनसलं की विचारतात,
माशी कुठं शिंकली?
इतकी वर्षं ऐकत आलो सगळे.
जागेवर बोट ठेवून दाखवणारा
हा पहिलाच.

"फोरमनचा चष्मा घरी राहिला होता," तो म्हणाला,
"म्हणून वाचलो."
मग माझा अंगठा धरून त्या वळणावर टेकवला,
डॉक्टर दुखरी जागा शोधतात तसा,
आणि सॅण्डविचकडे परत गेला.
निरोपबिरोप काही नाही.

संध्याकाळच्या गाडीत
तिकिटावर अंगठा उमटला, गंजाचा.
तपासनिसानं उलटसुलट करून पाहिलं, भोक पाडलं,
म्हणाला,
"दाढ बघून आलात वाटतं."