पिचिंग

वाडीवऱ्हे सोडलं की रस्ता अरुंद होत जातो,
दोन्हीकडं टोमॅटोचे मांडव, मग एकदम
भिंत.
मातीची, गवत वाढलेली, टेकडीसारखी निवांत.
नव्या माणसाला कळायचंही नाही
की ही कुणीतरी केलेली आहे.

तिप्पण्णामामा स्कुटीवरून उतरले,
गुडघा धरून जरा वेळ उभे राहिले.
सासरे माझे. बोलणं कमी.
सात-आठ वर्षं म्हणत होतो, जाऊ एकदा, जाऊ.
आज अंबडला वीज बंद, कंपनीला सुट्टी,
म्हणून आलो. एवढंच कारण.

वर पाटी: पोहण्यास सक्त मनाई.
पाटीखाली चौघं चड्डीवर, पोहायच्या तयारीत.
एक मुलगी पाण्याकडं पाठ करून
फोटो काढतेय स्वतःचा, मागं पाणी यावं म्हणून
जरा डावीकडं, अजून जरा डावीकडं.
मका भाजणारी विचारते, लिंबू जास्त?

मामांनी पाण्याकडं पाहिलंच नाही.
ते बघत होते उतारावरचे दगड,
एकाला एक खेटून बसलेले काळे,
फटींत चिपा ठोकलेल्या.
खालच्या ओळी बुडालेल्या,
वरच्या आठ-दहा उघड्या.
सांडव्यापासून बोटानं हवेत मोजत आले,
चाळीस, एक्केचाळीस,
"इथनं तिथवर आमच्या टोळीचं."

मग वाकून एक दगड हलवून पाहिला.
नाही हलला.
दुसरा.
तिसऱ्यावर दोन्ही पाय देऊन उभे राहिले
अंगाचा सगळा भार टाकून,
लग्नाआधी मला पारखलं होतं तसे,
काही न विचारता.

"पाणी भरल्यावर आला होता का बघायला?"
"पाणी भरायच्या आत पालं हलली.
पुढचं काम जळगावकडं होतं."

म्हणजे हे धरण त्यांनी
कोरडंच पाहिलेलं, आजपर्यंत.
मी विचारलं, "आत्याबाईंची चूल कुठं होती?"
त्यांनी हनुवटीनं दाखवलं, पार मध्यावर.
तिथं एक पाणकावळा बुडी मारून गेला
आणि बराच वेळ वर आला नाही.
आम्ही दोघंही तिकडंच बघत राहिलो.

शिट्टी वाजली.
वरून चौकीदार ओरडला,
"ओ बाबा, वर या! निसटतात दगड तिथले!"

मामा हलले नाहीत.
वळून म्हणाले, त्याला नव्हे, मला,
"नवा दिसतोय."