पेटी येईल तेव्हा

सुरी तिरपी धर, मी-रान.
कालव आपसूक उघडतं, जोर लावलास तर हात जातो.

मंगळवारी सोडून आलीस ना त्याला नोनसानला?
परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नसेल.
आमचे हे तीन तासांत एकच वाक्य बोलले:
पुढच्या थांब्यावर गरम मका मिळतो.
मिळत नव्हता.

आता ऐक, हे कोणी कागदावर लिहून देत नाही.
आठ-दहा दिवसांत एक पेटी येईल, पुठ्ठ्याची,
पत्ता त्याच्याच अक्षरात.
पोस्टमनला ठाऊक असतं, तो दोन्ही हातांनी देतो.
आत त्याचेच कपडे, जे घालून गेला ते:
जीन्स, स्वेटर, मोजेसुद्धा.
मनात नको ते येईल. येऊ दे, तोंडाने बोलू नकोस.
कोणी गेलेलं नाही, मी-रान.
सरकारने फक्त कपडे परत केलेत.

मी खुळ्यासारखी ते लगेच धुवायला टाकले.
मशीन गरगरायला लागलं
आणि तेव्हा कळलं मी काय धुतेय.
तू धुवू नकोस.
आधी घड्या बघ.
आमच्या उन-चानने जन्मात टॉवेलाची घडी केली नव्हती,
आणि बनियनच्या कडा अशा जुळवलेल्या
की वाटलं, पेटी चुकून दुसऱ्याची आली.
डाव्या बुटात मात्र आपल्याच धक्क्यावरची
शिंपल्यांची भुकटी होती.
इथून गेली, इथेच परत आली.
ती मी अजून झटकलेली नाही.

चिठ्ठी असेल, चार ओळींची.
जेवण चांगलं आहे: खोटं.
थंडी वाजत नाही: तेही खोटं.
काळजी करू नकोस, हे तो स्वतःला सांगत असतो.

तू रोज लिही. मोठं नको.
कुत्र्याने काय फाडलं, किलोमागे काय भाव मिळाला,
क्वोनबाईंशी तुझं भांडण कुठवर आलं.
घास उतरत नाही, असं लिहू नकोस.
तिथे रडायला कोपरा नसतो,
संडासलासुद्धा रांग.
आणि हो, आपण बुद्धाची माणसं, पण तो रविवारी चर्चला गेला
तर मनाला लावून घेऊ नकोस.
तिथे चोकोपाय वाटतात.

फोन कधी वाजेल नेम नाही.
अनोळखी नंबर असला तरी उचल,
हात ओले असोत, टोपली उलटो.
माझा पहिला चुकला.
म्हणून तर हा दोरीने गळ्यात बांधते.
मालक हसतो, हसू दे.

दुसऱ्या वेळी उचलला.
म्हणाला, "आई, तुम्ही जेवलात का?"
तुम्ही.
वीस वर्षं मला अगं-तुगं करणारं पोर.
मागे कुणीतरी उभं असेल,
नाहीतर जिभेलाही कवायत शिकवत असतील.
मी म्हटलं, हो, जेवले.
आणि माझ्याही तोंडून निघून गेलं,
"तुम्ही?"
मग दोघंही गप्प. मिनिटं त्याची, मोजून दिलेली,
त्यातली काही अशीच गेली.
मी ती वाया गेली म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी मैदानावर सगळी डोकी सारखी.
घाबरू नकोस, कान बघ.
कानांची हजामत होत नाही.
छातीवरची पट्टी आपणच लावायची असते,
एक आडवी रेघ, चिकटवायची, करकर वाजते.
माझी वाकडी बसली.
त्याने सरळ केली नाही.
पेटीतल्या बनियनच्या कडा जुळवणारा मुलगा,
त्याने ती तशीच राहू दिली.

आता कुठे सीमेजवळ आहे, थंडीचा आकडा मी रोज बघते.
इथला बघत नाही.
उरलेले महिने कसे जातात ते मला विचारू नकोस,
मलाच माहीत नाही.

बादली भरली तुझी. सरकव.
आणि तो हातमोजा घाल, डावा.
रक्त आलंय.