पेव

डाव्या कानात अजून समुद्र आहे.
म्हणून आप्पा उजवीकडे बसतात,
शेंगा फोडत विचारतात, "किती खोल?"

अठ्ठावीस मीटर.
ते पुरुषांत मोजून बघतात.
"सोळा पुरुष. आमचं पेव चार."

जहाज असं काही उरलेलं नाही, मी सांगते.
लाकूड किड्यांनी खाल्लं,
राहिला तो माल.
अरुंद गळ्याचे, निमुळत्या बुडाचे रांजण
एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून,
ट्रकमध्ये झोपलेलं वऱ्हाड जसं.
आम्ही दोऱ्या ताणून चौकटी आखतो,
नळीनं गाळ ओढतो,
विस्तवाला वारं घालावं तसा
तळहात हलवतो पाण्यात.
वीस मिनिटं. मग वर.
वीस मिनिटांत एखाद्या रांजणाचा एक कान मोकळा होतो.

रोमन म्हटल्यावर त्यांना काहीच होत नाही.
"माल कशाचा?"
द्राक्षाच्या दारूचा.
"मग आमचं तासगाव काय वाईट हुतं?"
आणि हसता हसता थांबून,
"आदी कंदील सोडलावता का खाली?"

समुद्रात कंदील चालत नाही, आप्पा.
पाठीवर हवेची टाकी असते, मनगटावर घड्याळ,
वर नावेत एक जण नुसता बुडबुडे बघत बसलेला.
ते मान हलवतात. पटलेलं नसतं.

दस्तगीर उतरला तेव्हा कंदील सोडला नव्हता.
तोंड उघडून दिवसभर वाफ जाऊ द्यायची असते.
पण हळदीचा भाव चढलेला,
सांगलीची गाडी दारात उभी.
"दोर एकदम जड झाला,"
एवढंच सांगतात, दरवेळी एवढंच,
आणि तळहात मांडीला पुसतात.

मी फोटो दाखवते.
बुचाच्या मातीवर कुणाचा तरी अंगठा.
खांद्यावर काळ्या रेघा,
ज्यांच्यावर आमच्यात तीन महिने वाद चाललाय:
वजन, साल, की व्यापाऱ्याची खूण.
आप्पा चष्मा पुसून घेतात.
"हमालाच्या रेघा हाइत ह्या. चौदा.
पंधरावी वढायला हात उचलला
आन् कुनीतरी हाक मारली."
अहवालात हे लिहिता येणार नाही.

पाच सालच्या पुरात कृष्णा पेवांत शिरली.
पोत्यांसकट हळद कुजली,
उपसलेलं पाणी आठवडाभर पिवळं येत होतं.
त्या मालाचा शोध कुणी घेणार नाही,
त्याच्या रेघांवर वाद घालायला
कुणी सोळा पुरुष खाली जाणार नाही.

संध्याकाळी ते मला मागच्या रानात नेतात.
बाभळीखालची फरशी आम्ही दोघं मिळून सरकवतो.
आतून जुना वास येतो, लग्नघराचा आणि ओलीचा.
कंदील दोराला बांधून ते खाली सोडतात
हळू, हाताखालून हात.
गळा संपतो, पेवाचं पोट सुरू होतं,
माती उजळते, अजून पिवळी.
एक पुरुष. दोन. तीन.
तळाला टेकला.

जळतोय.

कुणालाच उतरायचं नव्हतं.
ते दोर धरून उभे राहतात,
जड होतो का बघत.
माझ्या डाव्या कानातून मानेवर
कोमट काहीतरी ओघळतं.

"वढ आता," आप्पा म्हणतात,
"रॉकेल मिळत न्हाई."